म्हातारीच्या जबड्यातला गळ

"एकदा सुटलेला मासा पुन्हा गळाला लागत नाही," उस्ताद म्हणाला. "उगाच दिवस वाया घालवतोयस, बारक्या."

"लागतो," धाकटा म्हणाला. "पोटात कावळे ओरडायला लागले की माणसाची अक्कल जाते, मग माशाची का नाही जाणार?"

होडी तलावाच्या मधोमध उभी होती. आसपास चिटपाखरू नव्हतं. उस्ताद म्हणजे गॅरेजवाला, धाकट्याच्या थोरल्या भावाचा, दादाचा जिवलग दोस्त. धाकट्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून घरात सगळे त्याला चिडवायचे. पण एक गोष्ट चार महिने त्याने कुणालाही सांगितली नव्हती. दादा बुडाला नाही, त्याला कुणीतरी मारलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. कुणी, तेवढं त्याला हवं होतं.

दादा पट्टीचा पोहणारा. कारखान्यात क्रेन चालवायचा आणि सुट्टीला मासे धरायचा. त्या दिवशी होडीतून त्याचा फोन आला होता, "बारक्या, म्हातारी लागली रे गळाला!" म्हातारी म्हणजे या तलावातली फाटक्या शेपटीची थोराड मासळी. भल्याभल्यांना तिने चकवलं होतं. संध्याकाळी होडी उलटलेली सापडली, काठीचा दोरा तुटलेला, आणि दादाच्या डोक्याला मागे खोक. होडीचा काठ लागला असेल, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांनी हात झटकले. मी तर दिवसभर गॅरेजात होतो, असं उस्ताद म्हणाला होता, आणि रडला होता सगळ्यांपेक्षा जास्त. धाकट्याला तेही खटकलं होतं.

काठी एकदम वाकली.

दोरा हाताला कापत होता, होडी हेलकावत होती. शेवटी उस्तादने जाळं खाली घातलं आणि दोघांनी मिळून ते धूड आत ओढलं. शेपटी फाटकी होती. धाकट्याने दांडका उचलला आणि ती तडफड थांबेपर्यंत हाणत राहिला.

"घ्या, उस्ताद. लागली की नाही पुन्हा?"

उस्ताद हसला. "हरलो बाबा."

गळ काढायला धाकट्याने जबडा उघडला. आत दोन गळ होते. एक आत्ताचा. दुसरा कोपऱ्यात रुतलेला, त्याच्यावर मांस चढलेलं, त्याला वीतभर तुटका दोरा. त्याने सुरीने तो कोरून काढला, पाण्यात धुतला आणि गाठीकडे बघतच राहिला.

इथे गळ बांधायची ज्याची त्याची तऱ्हा. दुसऱ्याने बांधलेल्या गळाने मासे धरणं म्हणजे दुसऱ्याच्या दातांनी जेवणं. त्यापेक्षा माणूस रिकाम्या हाताने घरी जाईल. आणि या गाठीत दोऱ्याचं टोक कापलेलं नव्हतं, दुमडून परत आत खोचलेलं होतं. एवढी उठाठेव एकच माणूस करायचा. गॅरेजातल्या वायरीसुद्धा तो तशाच बांधायचा.

"हा गळ त्या दिवशीचा आहे," धाकटा म्हणाला. "गाठ तुझी आहे. म्हणजे तू इथे होतास."

उस्तादचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला वाटतंय तसं नाही, बारक्या."

"मग कसं आहे?"

"मला नाही सांगता येणार. शब्द दिलाय." उस्तादने मान खाली घातली. "वहिनीला विचार."

वहिनीला. धाकट्याचं डोकं सणकलं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी उस्ताद न चुकता घरी यायचा. तो आला की दादा धाकट्याला गॅलरीत बसवून त्याच्याकडून पेपर मोठ्याने वाचून घ्यायचा. तेवढंच तुझं वाचन सुधारेल, म्हणायचा. आणि आत स्वयंपाकघराचं दार लोटून उस्ताद आणि वहिनी हळू आवाजात बोलत असायचे. दादाच्या नाकासमोर हे चाललं होतं, आणि भोळा दादा बाहेर बातम्या ऐकत होता.

पहिला तडाखा उस्तादच्या खांद्यावर बसला, दुसरा कानाच्या वर. उस्तादने हात वर केले, पण उलटून मारलं नाही. तिसऱ्याला तो होडीबाहेर गेला आणि काठाला धरून लोंबकळला. तोंडात रक्त, तरी तेच. "वहिनीला विचार. आधी विचार तिला."

"विचारतो," धाकटा म्हणाला आणि त्याने काठावरच्या बोटांवर दांडका घातला. एक हात सुटला. मग दुसरा. पाणी थोडा वेळ ढवळलं आणि निवळलं. धाकट्याला हलकं वाटलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

घरी वहिनी भांडी घासत होती. त्याच्या शर्टावरचं रक्त बघून म्हणाली, "आज मोठा मासा मिळालेला दिसतोय."

धाकट्याने गळ ओट्यावर टाकला. दांडका दुसऱ्या हातात तसाच होता. "ही गाठ कुणाची?"

वहिनीने हात पुसले, गळ खिडकीपाशी नेला आणि गाठ निरखून पाहिली.

"उस्तादांची," ती म्हणाली. "कुठे मिळाला हा?"

"म्हातारीच्या जबड्यात. तुमचं दोघांचं काय चाललं होतं, ते सांग. दार लावून."

वहिनीने गळ परत ओट्यावर ठेवला. त्याने दांडक्यावरची पकड घट्ट केली.

"ह्यांनी शपथ घातली होती, म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलो," ती म्हणाली. "तुला कळलं असतं तर कारखान्यात कळलं असतं, आणि ह्यांना क्रेनवरून उतरवलं असतं. ह्यांची नजर चालली होती रे. गळाचं भोकसुद्धा दिसायचं नाही. वर्षभर ह्यांचा एकेक गळ उस्तादांनीच आत बसून बांधून दिलाय."