विचाराधीन ब्रेक

रविवारी साक्रीजवळच्या खडकांवर सायकलच्या उड्या मारताना मागचा ब्रेक सुटला आणि तहसील कचेरीतला प्रशील जागीच गेला. पण तो विषय नको. मंगळवारी तो नेहमीसारखा धुळ्यात चंदनच्या सायकल दुकानात आला. कालच त्याला खांदा दिलेल्या चंदनने दोन ब्रेक काउंटरवर मांडले.

“रिमचा हलका शे, पण ओला झाला का घसरस. डिस्क घे, भाऊ. महिनाभर तेच सांगत होतो ना मी!”

“तेव्हा ते विचाराधीन होतं.” प्रशीलने डिस्क उचलायला हात घातला. बोटं ब्रेकमधून आरपार गेली.

“मग... बसवू आता?” चंदनने पाना उचलला.

प्रशीलने घसा साफ केला. “सदर ब्रेक शनिवारपासून, पूर्वलक्षी प्रभावाने बसवून मिळावा, ही नम्र विनंती.”