चिंचेचं पाणी

केशरबाईंनी पातेल्यात हात घातला आणि तो तसाच आत ठेवला.

"पंके, इकडं ये. कोनाला हाका मारत बसू नको."

पंकजा मोरीपाशी आली. चिंचेनं घासलेलं घंगाळ, तांबे, समया उन्हात पालथ्या पडल्या होत्या. दुपारी बारसं होतं, सुनीलच्या मुलीचं. आईनं पातेल्यातून हात वर काढला. ओल्या तळहातावर पोवळ्यांची माळ होती. आधी सुनीलच्या आणि मग पंकजाच्या मनगटाला बाराव्या दिवशी बांधलेली. आज ती बांधायचा मान पंकजाचा. ती आत्या होती.

माळ अर्धीच लाल होती. बाकीची पोवळी फिकी, खरबरीत, कडांना कुरतडल्यासारखी झाली होती. एक-दोन मण्यांवर अजून बारीक बुडबुडे चिकटले होते.

"रातच्याला चिंचत टाकली," केशरबाई म्हणाल्या. "तांबं कसं लखलखतं, म्हनलं हीबी उजळंल. निम्मी पातेल्याभाईर लोंबत हुती, तेवढीच ऱ्हायली. माझ्या आईनं दिल्याली ग." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तू ह्याचंच शिकतीस ना? कर की लाल."

पंकजानं माळ साध्या पाण्याच्या बादलीत बुडवली. हे बुडबुडे तिच्या ओळखीचे होते. रत्नागिरीच्या प्रयोगशाळेत ती पोवळ्यांचे तुकडे कमी-जास्त आम्लाच्या पाण्यात ठेवायची आणि दर सोमवारी वजन करायची. तिथली झीज कळायला महिने लागत. आईनं एका रात्रीत करून दाखवली होती.

"नाही होणार आता," ती म्हणाली. "हा दगड नाही, आई. समुद्रातल्या इवल्या जिवांनी बांधलेलं चुन्याचं घर आहे. आंबटानं चुना विरघळतो."

"जीव हुते ह्यात?"

"होते. ते कधीच गेले. मालवणला मी बघते ती यांची चुलत भावंडं, जिवंत. पाणी तापलं की पांढरी पडतात, वेळेत गार झालं तर परत रंग धरतात. पण आता तिथलं पाणीही हळूहळू आंबटाकडं चाललंय."

"समिंदरात कोन चिंच टाकतंय?"

"आपण सगळेच. आपल्या धुरातनं. थोडी थोडी."

केशरबाईंनी नाक ओढलं. "मंग बरंय की. समद्यांनी केलं म्हंजी कुनीच न्हाई केलं." त्या उठल्या. "सुनीलला बाजारतळावर धाड. लाल मन्यांची माळ कुठंबी मिळंल. विहीनबाईला काय कळतंय?"

"मला कळेल ना."

"तू गप ऱ्हा म्हंजी झालं."

पंकजानं सुनीलला धाडलं नाही.

दुपारी पाळण्याभोवती बायका दाटल्या. सुनीलच्या बायकोनं, रुपालीनं, बाळाला पाळण्यात ठेवलं. पंकजानं मूठ उघडली, तशी पहिली नजर रुपालीच्या आईची, गोजरबाईंची, पडली.

"अगबाई! उंदरानं खाल्ल्यावानी झालीत की पवळी! तुमची माळ लई जुनी, लई मानाची म्हनून ऐकत आले आमी."

पंकजानं आईकडं बघितलं नाही. "माझ्या हातनं झालं, मावशी. चिंचेच्या पाण्यात पडली."

"घ्या! समिंदर शिकल्याली आत्या, आन् एक माळ संभाळता यीना." बायका खदखदून हसल्या. कुणीतरी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "नाव ठिवायच्या आधीच खा!"

पंकजाही हसली. एवढ्यावर भागत असेल तर भागू दे, असं तिला वाटलं.

"तिनं न्हाई."

केशरबाई दारात उभ्या होत्या. हातात घुगऱ्यांचं ताट होतं, ते त्यांनी खाली ठेवलं.

"तिनं न्हाई, विहीनबाई. म्या केलं. म्याच टाकली चिंचत. मला म्हाईत नव्हतं, पर केलं म्याच."

हसणं थांबलं. गोजरबाईंनी पदर सावरला. "बरं बरं, हुतं एखाद्या टायमाला," त्या पुटपुटल्या.

चार वर्षांत पंकजानं पोवळ्यांवरचे कितीतरी अहवाल वाचले होते. आईचं ते वाक्य तिला त्यांत कुठं भेटलं नव्हतं.

ती पाळण्यात वाकली. इवल्याशा मनगटाला तिनं माळ सैलसर गुंडाळली, आणि गाठ मारताना फिकी पोवळी वरच्या बाजूला ठेवली.