आंदणाची शेळी

लग्नात शेळी देऊ नका, एवढंच सांगायला रामकिसन उस्मानपुऱ्यातल्या ऑफिसातून मोटारसायकलवर निघून पिशोरच्या पुढं, वरच्या वस्तीवर आला होता. मल्हारीनं त्याला बसायला बाज दिली, पाणी दिलं आणि स्वतः समोर उकिडवा बसला.

"शेळी माझी का तुमची?" मल्हारीनं विचारलं.

"तुमचीच."

"मंग देऊ नको का?"

"द्या की. कुणालाही द्या. फक्त खालच्या वस्तीत नको."

"पोरगीच खालच्या वस्तीत दिली नं, सायेब."

ते रामकिसनला माहीत होतं. त्याचसाठी तर तो आला होता.

त्याची संस्था अभ्यास करत होती. गरिबाला शेळ्या दिल्या तर त्याचं बरं होतं का, हा विषय. त्यासाठी वरच्या वस्तीत घरटी दोन शेळ्या दिल्या होत्या, शिवाय त्या कशा सांभाळायच्या याचं शिक्षण. खालच्या वस्तीला काहीच द्यायचं नव्हतं. तिथं अधूनमधून जाऊन कसं काय चाललंय, एवढं विचारायचं. कोणत्या वस्तीला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरलं होतं. चिठ्ठी बिरोबाच्या देवळापुढं टाकली, कारण सावली तिथंच होती. खालच्या वस्तीनं त्याचा अर्थ देव कोपला असा घेतला आणि बोकड कापला. त्यांच्याकडचं एक जनावर कमी झालं, त्याचं कारण काय लिहावं हे ऑफिसात अजून ठरलेलं नव्हतं.

"त्यांना काय द्यायचं नाय, ते कशापायी?" मल्हारीनं विचारलं.

"काही नाही दिलं तर काय होतं, ते कळावं म्हणून."

"आन् कळल्यावर देणार?"

"कळल्यावर अभ्यास संपतो."

मल्हारीनं बराच वेळ मान हलवली. मग त्याला तोड सुचली. "असं करू. शेळीच्या कानातला तुमचा पिवळा बिल्ला काढून घेतो. बिल्ला इथं, शेळी तिथं."

"बिल्ल्याचं काही नाही हो. शेळी तिकडं गेली की खालची वस्ती खालची राहत नाही."

मल्हारीनं उठून बांधावरून बघितलं. खालची वस्ती खालीच होती.

"आमच्यात पोरीला शेळी दिल्याबिगर धाडीत नाय," चुलीपाशी बसलेली त्याची बायको दगडाबाई म्हणाली. "भांडीकुंडी सासरच्या समद्यांची व्हत्यात. शेळी तिची एकटीची. दूध तिचं, पिल्लं तिची. नवऱ्याला बी इकता येत नाय. तीच नाय दिली, तर तिथं पोरीचं म्हणावं असं काय राहिलं?"

पोरगी, म्हणजे बाना, खुंट्याजवळ त्याच शेळीच्या कानामागं खाजवत बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

रामकिसन रेंज असलेल्या लिंबाखाली जाऊन ऑफिसातल्या मॅडमशी फोनवर बोलून आला. "मॅडम म्हणतात, लग्न वर्षभर पुढं ढकलता येतं का?"

"हळद परवा हाय," दगडाबाई म्हणाली.

तो पुन्हा लिंबाखाली गेला. आला तेव्हा त्याचा चेहरा जरा उजळला होता. "मॅडम म्हणतात, शेळी रात्री बांधता कुठं, अभ्यासात तेवढंच धरायचं. तेव्हा शेळी पोरीलाच द्या. बांधा मात्र इथं."

"मंग झालं की," मल्हारी म्हणाला. "नावानं तिची, खुंट्याला आपल्या. लई चांगलं काढलं मॅडमनी."

बानाचा खाजवणारा हात थांबला.

रामकिसन निघायला उठला तोच लिंबाखाली विसरलेला फोन वाजला. या खेपेला तो सावकाश परत आला.

"अजून एक आहे. बानानं आपलं शिक्षण घेतलंय ना? लस, जंताचं औषध, अडलेली शेळी कशी सोडवायची, सगळं. तर मॅडम म्हणतात, ते तिनं तिकडं कुणाला सांगू नये. करून पण दाखवू नये."

हे बोलताना त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. दगडाबाईला मात्र सकाळपासून पहिल्यांदा संस्थेचं काहीतरी समजलं.

"व्हय व्हय, त्याची काळजी करू नका," ती म्हणाली. "ते आम्ही तिला आधीच सांगितलंय. सासरी गेल्यावर आपल्याला काय येतं ते दाखवू नाय."

"आन् त्यांची शेळी अडली तर?" बानानं विचारलं.

रामकिसननं हातातल्या फोनकडं बघितलं.

"तरी बी नाय," दगडाबाई म्हणाली.

मॅडमही हेच म्हणाल्या असत्या, म्हणून त्यानं फोन लावला नाही.

बाना उठली. तिनं शेळी सोडली आणि चालायला लागली.

"कुठं चालली?" रामकिसन म्हणाला.

"पाण्याला," मल्हारी म्हणाला. "हौद खाली हाय. दोन्ही वस्त्यांचा मिळून एकच हाय."

हौदाचं ऑफिसात कुणी कधी विचारलं नव्हतं. रामकिसन बांधावर जाऊन उभा राहिला. खाली हौदाला दोन्हीकडच्या शेळ्या तोंड घालून उभ्या होत्या. पलीकडं सारजाबाई होती, मल्हारीची बहीण, तीन दिवसांनी बानाची सासू होणारी. तिच्याजवळ दिवस भरत आलेली एक काळी गाभण शेळी. बानानं आपली शेळी पाण्याला लावली आणि वळसा घालून तिकडं गेली. पदर खोचून खाली बसली, काळ्या शेळीच्या पोटाखाली हात घालून चाचपायला लागली. दुसऱ्या हातानं खुणा करत ती सारजाबाईला काहीतरी सांगत होती. सारजाबाई वाकून ऐकत होती. मग तिनंही बाना दाखवत होती तिथं हात लावून बघितला.

काय बोलताहेत ते वरून ऐकू येत नव्हतं, म्हणून रामकिसननं काही लिहून घेतलं नाही.