दाराबाहेरच्या चपला

"लक्ष न टिकणं, वस्तू हरवणं, हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आमच्यात असलं कुणी नाही. हिच्या माहेरून आलं असेल," सासऱ्यांनी ठणकावलं. माझं माहेर प्रत्येक दुखण्याला असंच उपयोगी पडतं. माझी लेक शर्वी मान खाली घालून बसली.

बाहेर चपला घालताना मात्र ती खिदळायला लागली. तिच्या बाबाच्या एका पायात काळी चप्पल होती, दुसऱ्यात तपकिरी. घरूनच तो तसा आलेला.

सासरे ताठ मानेने पुढे निघाले होते. मागून डॉक्टरबाई अनवाणी धावत आल्या. "आजोबा, माझ्या चपला."

सासऱ्यांनी पायातल्या मोत्यांच्या चपलांकडे बराच वेळ पाहिलं. मग शर्वीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "माहेरचं काही नाही. पोर अस्सल आमचीच आहे."