अंगदची किटली

कारखान्याच्या घाणीनं नदीला फेस आलाय, हे गावात पहिल्यांदा अंगदनं सांगितलं. त्याच्या म्हशी पाण्याला तोंड लावेनात. पण पेपरात फोटो झळकला मोर्चे काढणाऱ्या अंजूचा. अंगदचं कुठं नावसुद्धा नाही. त्याच्या पोटात दुखायला लागलं. बीडला कलेक्टर साहेबांपुढं कारखान्याची सुनावणी लागली. “अंगददादा, तुमच्या दुधाच्या किटलीत नदीचं पाणी भरून आणा,” अंजू म्हणाली. त्यानं हापशाचं भरलं. एकदा पडू दे पोरगी तोंडावर! साहेबांसमोर अंजूनं किटलीचं झाकण उघडलं. कारखान्याच्या मालकानं वास घेतला आणि पेलाभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं. “लई गोड हाय की तुझी नदी!” सगळे खदखदून हसले. अंजूनं अंगदकडं पाहिलं. त्याची मान खाली गेली. “साहेब, किटली मीच भरली. चूक माझी हाय,” ती म्हणाली. अंगदच्या पोटात पुन्हा कळ उठली. त्याची लबाडीसुद्धा पोरीनं आपल्याच नावावर केली!