पुढची बॅच

अमरसिंहच्या शेडमध्ये लेथवर वाकलेली क्रांती दिसली, तेव्हा अनेकांतला आधी हायसंच वाटलं. सकाळपासून तिचा फोन बंद होता. ती वारणानगरहून रोज स्कूटीवर त्याच्या कारखान्यात कामाला यायची. हायवेवर काही झालं की काय, म्हणून तो गाडी काढून वाठारपर्यंत बघून आला होता. परत येताना शिरोलीत, स्वतःच्या कारखान्यामागच्याच गल्लीत, तिची स्कूटी उभी दिसली.

"क्रांती, इथं काय करतेस?"

तिनं मशीन थांबवलं. फडक्याला हात पुसले. "सर, सांगायचं होतं तुम्हाला."

"कधी? माल अडकल्यावर?"

आतून अमरसिंह आला. यानंच मागं अनेकांतची गिऱ्हाइकं फोडली होती. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. "या की पावणं," तो हसत म्हणाला. "चहा सांगू?"

अनेकांत तसाच बाहेर पडला. गाडीत बसून त्यानं दार आपटलं.

या पोरीसाठी त्यानं काय केलं नव्हतं? सरकारचा प्रायोगिक प्रकल्प आला होता. बेकार पोरापोरींना कारखान्यानं सहा महिने काम शिकवायचं, त्यांचं विद्यावेतन सरकार भरणार, कारखान्यालाही वर अनुदान. मुदत संपली की पोरांना नोकरीत घ्यायचं. अनेकांतकडं चौघं आली. बाकीची तिघं सांगेल तेवढं करायची. क्रांती मात्र जेवणाच्या सुट्टीतही मशीनपाशी घुटमळायची. त्यानं तिला स्वतः शेजारी उभं राहून शिकवलं. तिच्या हातून महागडं टूल मोडलं तेव्हा चकार शब्द काढला नाही. तिच्या वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा स्वतःची गाडी पाठवली. प्रकल्पाच्या कार्यक्रमात त्याला फेटा बांधला, तेव्हा तीच माईकवर म्हणाली होती, "सरांनी मला लेकीसारखं शिकवलं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही खोटं नव्हतं.

आणि आता शनिवारी पुण्याचा माल जायचा होता, आणि ते काम तिच्याइतकं बिनचूक कुणाच्या हाताला जमत नव्हतं.

घरी आला तेव्हा त्याचे वडील, तात्यासो, जेवायला बसले होते. सूर्य मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम. एका जुन्या लेथवर कारखाना उभा केलेला हा माणूस आता फक्त दुपारी तिथं येऊन बसायचा. अनेकांत त्यांच्यासमोर उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. सुरेखा, त्याची बायको, भाकरी वाढता वाढता थांबली.

"काम शिकली आमच्याकडं आणि गेली त्या अमरसिंहकडं! एक शब्द सांगावासा वाटला नाही तिला. असा गळा कापतं का कुणी, तात्या?"

तात्यासोंनी घास संपवला. "तिनं न्हाई कापला. मी पाठवलं तिला."

अनेकांतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"गेल्या आठवड्यात तू प्रकल्पाच्या बाईंशी फोनवर बोलत हुतास. मी मागंच बसलो हुतो. काय म्हणालास त्यास्नी?"

अनेकांतनं खिशातला मोबाइल काढून पुन्हा आत ठेवला.

"म्हणालास, ह्या चौघांस्नी सोडतोय, पुढची बॅच द्या. तिला शनिवारपर्यंत राबवायची, माल गेला की सोमवारी घरी बसवायची. व्हय का न्हाई?"

"सगळेच तसं करतात, तात्या. सरकार पगार देतंय तोवर माणूस परवडतो. आणि तिला काय, आपल्या सर्टिफिकेटवर कुठंही काम मिळालं असतं."

"मग मिळालंय की."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सुरेखानं जाऊन गॅस बंद केला आणि दारातच उभी राहिली.

"क्रांतीचा बाप, आकाराम, पोरगी कामाला धाडायला तयार नव्हता," तात्यासो म्हणाले. "लोखंडाच्या कामात पोरगी नको म्हणत हुता. मी त्याच्या दारात जाऊन सांगितलं, सहा महिन्यानं पर्मनंट हुईल, माझी जबाबदारी. तू गाडी चालवत आलतास. त्याच्या घरचं पोहं खाल्लंस. मान हलवलीस. तवा म्हणायचं हुतंस, की परवडत न्हाई."

"मला विचारायचं तरी! माझ्या पाठीमागं, आणि तेही अमरसिंहकडं? सगळी शिरोली सोडून?"

"शिरोलीभर फिरलो बाबा. पोरगी म्हटल्यावर कोण लेथवर उभी करायला तयार न्हाई. बाकीच्या तिघांसाठीबी फिरतोय, अजून जमलं न्हाई. एकटा अमरसिंह तयार झाला."

"तो काय उपकार करतोय? मला बुडवायला घेतली त्यानं तिला!"

"त्यानं उपकार केलाच न्हाई. बदल्यात एक मागितलं त्यानं. मी व्हय म्हणालो." तात्यासोंनी ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले. मुलाकडं न बघता दारातल्या सुनेला म्हणाले, "सुरेखा, उद्यापासनं माझा डबा अमरसिंहच्या शेडवर पाठव. सकाळी आठला मी तिथं कामावर उभं ऱ्हायचं ठरलंय."