साठ म्हटलं की हात

आठव्या दिवशी ऊन पडलं आणि मालक बार्बेझा स्टुडिओच्या काचेच्या छपराखाली टाळ्या पिटत सुटले. "चला, चला! तीन वाजले की गेलं हे!"

आन्सेल्म सरदाराचं पत्र्याचं चिलखत चढवून आला. तोंडाला पांढरी भुकटी, कमरेला लाकडी तलवार. मागच्या कापडावर रंगवलेला किल्ला दगडांपासून मशालींपर्यंत राखाडी होता, कारण फिल्मला तेवढंच कळतं. समोर जमिनीवर खडूची एक फुली होती. फुलीवर कुणी नव्हतं.

त्या फुलीवरची राणी म्हणजे त्याची बायको ओदिल. तिनं आठ दिवसांपूर्वी, काळ्या मखमलीपुढे एकटीनं उभं राहून, आपलं काम उरकलं होतं. कॅमेरावाल्या गास्पारनं फिल्म कॅमेऱ्यातच उलटी फिरवून ठेवली. आता त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा आन्सेल्मचं चित्र घ्यायचं, म्हणजे पडद्यावर मेलेली राणी धुरासारखी सरदारापुढे येऊन उभी राहते. पण त्याच दुपारी पॅरिसवर ढग आले ते हटेनात. तेवढ्यात ओदिलला ताप भरला, तो छातीत उतरला आणि परवा तिला पुरलं. फिल्म मात्र कॅमेऱ्याच्या अंधारात तशीच होती, न धुतलेली. त्यावरची ओदिल अजून कुणीही पाहिली नव्हती.

कॅमेऱ्याच्या बाजूला एक कागद चिकटवला होता. गास्पार दांडा फिरवताना प्रत्येक फेरा मोठ्यानं मोजायचा, आणि कुठल्या आकड्याला काय करायचं ते कागदावर असायचं. चाळीसला राणी वळते. साठला हात पुढे. बासष्टला हात मागे. चौसष्टला नाहीशी.

"साठला तूही हात पुढे कर," मालक म्हणाले. "बोटाला बोट लागलं पाहिजे. या फिल्ममध्ये दुसरं आहे काय? आणि चुकलास तर पुन्हा नाही, हां. राणी काय, दुसरी आणता..." ते स्वतःच ओशाळले आणि छपराकडे बघायला लागले.

"मी बासष्टला करतो," आन्सेल्म म्हणाला.

"कागदावर साठ आहे."

"कागदावर असेल हो. ओदिल दोन आकडे मागेच असायची. नऊ वर्षं संसार केलाय मी. लग्नाला उशिरा, चर्चमध्ये उशिरा, सूप गार झालं की मग जेवायला. मागच्या फिल्ममध्ये परी केलीत तिला, तर उडालीसुद्धा उशिराच. तुमच्या साठला तिचा हात कधी उठलाय?"

हे कुणाला नाकारता येईना. त्या दिवशीसुद्धा ती उशिराच आली होती. आन्सेल्मनं सगळ्यांदेखत तिला झाडलं होतं, "तुझ्यासाठी सूर्य थांबणार आहे का गं?" आणि तणतणत समोरच्या गुत्त्यात जाऊन बसला होता. तिचं काम त्यानं पाहिलंच नाही. मालक त्या वेळी मंचाखाली धुराच्या भट्टीशी खोकत होते.

"गास्पार, तू तरी पाहिलंस ना?"

"मी मोजतो रे," गास्पार म्हणाला. "माणसांकडे बघायला लागलो की हात चुकतो."

मालकांनी खांदे उडवले. "तुझी बायको. तुला माहीत."

दांडा फिरायला लागला. चाळीसला आन्सेल्म दचकला, पन्नासला गुडघ्यावर बसला. अठ्ठावन्न. एकोणसाठ. साठ. तो हलला नाही. बासष्टला त्यानं हात पुढे केला आणि फुलीवरची हवा हलकेच धरली. त्याचे ओठ थरथरत होते. ते काही कागदावर नव्हतं, पण कुणी त्याला टोकलं नाही.

चार दिवसांनी फिल्म छापून आली. मागच्या कोठारात पडदा म्हणून चादर ताणली होती. गास्पार यंत्राचा दांडा फिरवत होता आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात मोजत होता. चाळीसला ओदिल वळली. तिच्या आरपार किल्ल्याचे दगड दिसत होते.

"साठ," गास्पार पुटपुटला.

ओदिलचा हात पुढे आला. अगदी साठला. तिनं मान किंचित तिरपी केली आणि हसली. घरी भांडण मिटवताना ती तशीच हसायची. समोर सरदार दगडासारखा बसून होता. तिनं वाट पाहिली. बासष्टला तिचा हात मागे गेला आणि त्याचा पुढे आला. त्याची मूठ रिकाम्या जागेवर मिटली.

"हात वेळेवर आला होता," आन्सेल्म म्हणाला. "मी बोललो म्हणून वेळेवर आला होता."

मग मालकांनी घसा साफ केला. "असंच राहू दे. भूत हाती लागलं नाही, हेच छान दिसतंय. बायका रडतील."

"पुन्हा लाव," आन्सेल्म गास्पारला म्हणाला.

"अरे, कशाला जिवाला त्रास करून घेतोस?"

"लाव म्हणतो ना. आणि मोठ्यानं मोज."

गास्पारनं फिल्म पुन्हा चढवली. आन्सेल्म उठून चादरीजवळ गेला आणि यंत्राच्या उजेडात उभा राहिला. मागून कुणीतरी बस म्हणालं, ते त्याला ऐकू गेलं नसावं. गास्पारचा आवाज आता स्पष्ट होता. अठ्ठावन्न. एकोणसाठ.

"साठ."

ओदिलनं हात पुढे केला, आणि त्याच आकड्याला आन्सेल्मनंही. त्याच्या हाताची सावली चादरीवरून सरकत गेली आणि बरोबर तिच्या बोटांपाशी पोचली. जिथं ती सावली टेकली, तिथं ओदिलचा हात दिसेनासा झाला.